कढीपत्त्यावरच्या बहिणी

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी प्राणिशास्त्राला कीटकांची पेटी द्यावी लागे. जितक्या जाती जास्त, तितकी पेटी भारी, असा समज. मुलं थेट घोडेगावपर्यंत जाळी फिरवून येत. मी केडगावच्या आमच्या अंगणात सापडलं तेच टाचणीला लावलं. त्यात फुलपाखरांच्या दोन माद्या होत्या. एक काळी, मागच्या पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची ओळ असलेली. दुसरीही काळीच, पण मागच्या पंखांवर पांढऱ्या डागाभोवती लालभडक ठिपके. दोघींना मी एकच चिठ्ठी लावली, एकाच जातीची.

सरांनी पेटी वर्गासमोर धरली. मागच्या बाकावरून आवाज आला, "कॉन्व्हेंटात मोजायला शिकवत नाहीत वाटतं!"

सगळे हसले, सर नाही. "या जातीत नर एकाच रूपाचा असतो, माद्या निरनिराळ्या. लाल ठिपक्यांची मादी दुसऱ्याच एका विषारी फुलपाखरासारखी दिसते, म्हणून पक्षी तिच्या वाटेला जात नाहीत. पुस्तकात आहे हे. पण तू पाहिलंयस, की नुसतं इंग्रजीतून वाचलंयस?"

"वाचलंय," मी पुटपुटले.

"परीक्षेपर्यंत दोघी एकाच जातीच्या आहेत हे दाखव. नाहीतर चिठ्ठ्या दोन कर."

चिठ्ठ्या दोन करणं सोपं होतं. पण मी कॉन्व्हेंटात शिकलेली, तेव्हा मला जे काही येतं ते इंग्रजीमुळे, असं सगळे धरून चालत. या वेळी मला ते चालू द्यायचं नव्हतं.

आमचं कढीपत्त्याचं झाड दुष्काळात भांड्यांच्या पाण्यावर तगलं होतं. आधीची अंडी राहू नयेत म्हणून त्याचं पान न् पान तपासलं, वर मच्छरदाणी टाकली आणि लाल ठिपक्यांची एक मादी धरून आत सोडली. मच्छरदाणी वडिलांची होती. ते रोज सकाळी चहाबरोबर मला हातावरच्या डास चावल्याच्या गांधी दाखवत.

तिने अंडी घातली. दुसऱ्याच दिवशी आईने सवयीने मच्छरदाणीत हात घालून एक डहाळी तोडली आणि फोडणीत टाकली. मी आमटीतली पानं चमच्याने काढून उजेडात धरू लागले.

"अंडी होती त्यावर? बाई गं, हे आता सांगतेस!"

"आमटी छान झालीय," वडील म्हणाले.

त्या दिवसापासून आईने फोडणीतून कढीपत्ता बंद केला. शेजारच्या काकू मागायला आल्या.

"वैनी, दोन काड्या द्या की."

"नाही हो. लेकीची परीक्षा आहे त्या झाडावर."

"झाडावर बसून देती व्हय परीक्षा? लई शिकली पोर!"

उरलेल्या अंड्यांतून अळ्या निघाल्या. आधी पक्ष्याच्या शिटेसारख्या, मग हिरव्यागार. हात लावला की डोक्यातून लाल शिंगं काढून उग्र वास सोडायच्या. सुरुवातीला आईला शिसारी आली. नंतर मी उठायच्या आत तीच त्यांना पाहून येऊ लागली.

कोश झाले. आधी नर निघाले, सगळे काळे. मग एक फुलपाखरू निघालं, तेही काळं, पांढऱ्या ओळीचं. भिंगातून पोटाचं टोक पाहिलं. मादी होती.

"आईवर नाही गेली," आई जरा नाराजीने म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनेच मला हाक मारली. मच्छरदाणीला आतून लटकून एक मादी पंख वाळवत होती. लाल ठिपके अजून ओले दिसत होते.

"ही गेली बघ आईवर!"

दोघी बहिणींना जाळीच्या झाकणाच्या बरणीत घालून मी कॉलेजला नेलं. सरांनी बरणी खिडकीपाशी धरून हळूहळू फिरवून पाहिली. मागचा बाक उठून पुढे आला होता.

"एकाच मादीची अंडी? कोणी पाहिलं?" सरांनी विचारलं.

"मी. आणि माझ्या आईनं." माझा आवाज अख्ख्या वर्गात ऐकू गेला. तो इतका मोठा आहे, हे मलाही नवीन होतं.

सरांनी पेटी पुढे सरकवली. "चिठ्ठी एकच राहू दे. खाली एक ओळ लिही."

वर जातीचं लॅटिन नाव होतं. खाली मी मराठीत लिहिलं: अंड्यांपासून घरी वाढवून पाहिले.