एकवीस मीटर

अझ्नोर यंदा डोंगर सोडणार, ही बातमी टेरस्कोल गावात कुणी त्याच्या तोंडून ऐकली नाही. त्याची बायको सकिनात रोपवेच्या पायथ्याशी लोकरीचे मोजे विकते. मोजे विकता विकता तिने ती गावभर केली.

"हा माणूस सोमवारी शेवटचा वर जातोय. मंगळवारपासून त्याचे बूट कोंबड्यांचे. अंडी घालायला बरे पडतील."

नवऱ्याचं नाव ती घेत नाही. बत्तीस वर्षांचा संसार 'हा माणूस' एवढ्यावर निभावलाय.

अझ्नोर अठ्ठावन्न वर्षांचा. एलब्रुसवर, म्हणजे आमच्या मिंगी-तावावर, त्याने दोनशे अकरा वेळा लोक नेले आणि परत आणले. एखाद्या पाहुण्याने डोळे चमकवत विचारलंच, की तुमचं या डोंगरावर फार प्रेम असेल ना, तर तो म्हणायचा, "पोस्टमनला तुमची पत्रं आवडतात का?" त्याचा उजवा गुडघा तर असा वाजायचा, की भिंतीपलीकडे आम्हा शेजाऱ्यांना कळायचं, उठला वाटतं.

शेवटची पाहुणी होती दूरच्या सारान्स्क शहरातली रिम्मा ल्वोव्ना. वय एकसष्ट, शाळेत भूगोल शिकवून नुकती मोकळी झालेली. पहिल्याच दिवशी तिने सांगून टाकलं, "तीस वर्षं फळ्यावर लिहीत आले, देशातलं सर्वांत उंच ठिकाण, एलब्रुसचं पश्चिमेचं डोकं. एकदा तिथे पाय ठेवायचाय. नाहीतर सगळं ऐकीव."

तर, डोंगराला डोकी दोन. पूर्वेचं जरा बुटकं, एकवीस मीटरने. मध्ये खिंड. खिंडीत सगळेच दम खातात. अझ्नोरची तिथली बैठक ठरलेली: पाठ पूर्वेच्या डोक्याकडे, तोंड पश्चिमेकडे. दहा मिनिटं डोळे मिटायचे, उठायचं आणि नाकासमोर चालू लागायचं. दोनशे अकरा वेळा असंच. डोकं वापरायची गरजच नाही, पायांना पाठ आहे.

त्या सोमवारी खिंडीत धुकं होतं आणि वारा पश्चिमेकडून झोंबत होता. अझ्नोर वाऱ्याला पाठ करून बसला. डोळे मिटले. उठला आणि नाकासमोर चालू लागला. रिम्मा ल्वोव्ना त्याच्या मागे, मान खाली, एकेक पाऊल मोजत.

वर पोचल्यावर माथा त्याला जरा रुंद वाटला. धुक्यात सगळंच रुंद वाटतं, असं म्हणून त्याने विषय मिटवला. दगड होते, दगडांना बांधलेल्या चिंध्या होत्या. बाईने फोटो काढून घेतला आणि हातमोज्यानेच डोळे पुसले. अझ्नोरच्या मनात एकच होतं, झालं, संपलं.

उतरताना खिंडीपाशी धुकं क्षणभर फाटलं. पश्चिमेचं डोकं समोर उभं होतं. ते पाठीशी असायला हवं होतं.

बाई पायांखाली बघत होती. धुकं पुन्हा मिटलं. अझ्नोर कुणाला काही बोलला नाही. आधी खाली तर जाऊ, असं मनाशी म्हणत तो बर्फगाडीत बसला, मग रोपवेत, मग घरी. सांगितलं, तर त्याला पुन्हा वर जावं लागणार होतं. नाही सांगितलं, तर कुणाला कळणार नव्हतं. गुडघ्याचं मत स्पष्ट होतं.

पण त्या घरात एक जुनी रीत आहे. डोंगरावरून पाहुणा आला, की थोरले काका तोख्तार, वय चौऱ्याऐंशी, ताकाचा वाडगा हातात धरतात. नेणाऱ्याने सर्वांसमोर सांगायचं, कुठल्या डोक्यावर नेलं. मग काका दुवा देणार, तेव्हा कुठे खाण्याला हात. समोर सकिनातच्या बटाटा-चीज भरलेल्या पोळ्यांची, खिचिनांची चळत वाफाळत होती. रिम्मा ल्वोव्नाने दुपारपासून काही खाल्लेलं नव्हतं.

"सांग," काका म्हणाले.

अझ्नोर खिचिनांकडे बघत बसला.

"अरे, सांग की. वाडगा जड होतोय मला."

"पूर्वेच्या," अझ्नोर म्हणाला.

सकिनातचा हात लोण्यावरच थांबला. काकांनी वाडगा खाली ठेवला. "दोनशे बारा वेळा जाऊन?"

"वाऱ्याला पाठ करून बसलो. मग सरळ गेलो."

"आंधळं गाढवसुद्धा आपलं दावं ओळखतं रे."

"गाढवाला झोप मिळते, काका."

रिम्मा ल्वोव्नाने चष्मा काढून पुसला. "म्हणजे एकवीस मीटर कमी."

"हो."

"तुम्ही हे मला परतीच्या गाडीत बसवून मग सांगू शकला असतात. किंवा कधीच नाही."

"विचार तोच होता," अझ्नोर म्हणाला. "हा म्हातारा वाडगा धरून बसला."

"माझे पाय मला दिसतायत पण जाणवत नाहीत," ती म्हणाली. "परतीची गाडी शुक्रवारची आहे. बुधवारी हवा कशी असेल?"

अझ्नोरला वाटलं, काका म्हणतील वादळ आहे. आयुष्यात एकदा तरी म्हातारा सोयीचं बोलेल.

"बुधवारी वारा नाही," काका म्हणाले. "स्वच्छ असेल. पण बसशील तेव्हा तोंड कुठे आहे ते बघून बस." त्यांनी वाडगा पुन्हा उचलला, दुवा दिली, ती जरा लांबवलीच, आणि पहिला खिचिन बाईच्या ताटात गेला.

अझ्नोरने टेबलाखाली पाय सरळ केला. गुडघा वाजला, सगळ्यांना ऐकू आलं आणि सगळे खात राहिले. सकिनात उठून अंगणात गेली. खुराड्याच्या छपरावर सकाळीच धुऊन ठेवलेले त्याचे जुने, राखीव बूट तिने आत आणले आणि चुलीजवळ तळवे वर करून टेकवले.

"कोंबड्यांना गुरुवार सांगते," ती म्हणाली.