पेन्सिलीच्या नऊ खुणा

मागच्या रविवारी वाचनकट्ट्यावर मी चहाचा कप मुद्दाम उजव्या हाताने घेतला... आणि निम्मा शर्टावर सांडला. मी डावखुरा आहे, हे हिंगोलीत मला ओळखणाऱ्या सगळ्यांना माहीत आहे. तरी त्या दिवशी ते लपवावंसं वाटत होतं.

कारण होतं टेबलावर पडलेलं एक पातळ पुस्तक.

आमच्या कट्ट्याची पद्धत साधी आहे. महिन्याला एकच पुस्तक, एकच प्रत. ती चार-चार दिवस हातोहात फिरते आणि शेवटी सगळे एकत्र बसून बोलतो. हे सगळं चालवतात शोभाताई, निवृत्त शिक्षिका. त्यांचा नियम एकच... पुस्तकात रेघ मारायची नाही.

या वेळचं पुस्तक मनाच्या तब्येतीवर होतं आणि पहिला वाचक मी होतो. एका प्रकरणाच्या शेवटी बारा वाक्यं होती, 'असं तुम्हाला होतं का?' विचारणारी. मी तीस वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर मजकूर तपासलेला माणूस, पेन्सिल हातात होतीच. पान संपलं तेव्हा लक्षात आलं, नऊ वाक्यांपुढे मी टिक करून बसलो होतो.

त्यातलं चौथं वाक्य फोनचं होतं. फोन वाजला की काहीतरी वाईट घडलंय असंच वाटणं...

ज्याचं पोट फोनवर आलेल्या बातम्यांवर चाललं, त्याला रिटायर झाल्यावर रिंगची भीती वाटावी, हे कुणाला सांगणार? उन्हाळ्यात बायको वाशिमहून येत होती. बस कनेरगाव नाक्यावर बंद पडली, तिने पाच वेळा फोन केला. मी समोर बसून स्क्रीनकडे बघत होतो. हात पुढे जात नव्हता.

ती तासभर उन्हात उभी राहिली. घरी आल्यावर मी सांगितलं, फोन सायलेंटवर होता. तेव्हापासून तिने माझ्या फोनची रिंग स्वतःच्या हाताने फुल करून ठेवली आहे.

पुस्तकातल्या खुणा मी खोडणारच होतो. पण आमच्यातले गणेशराव, एसटीत कंडक्टर आहेत, ड्युटीवर जाता जाता एक दिवस आधीच पुस्तक घेऊन गेले. माझी टिक उलट्या बाजूला झुकते, कुणीही ओळखावी अशी. पुढचे तीन आठवडे मी रोज हिशोब करत होतो... आज ते पान कुणासमोर उघडं असेल?

तर रविवारी शोभाताईंनी पुस्तक उघडलं, चष्मा सारखा केला. "यात खुणा कुणी केल्यात?"

आधी बोलल्या त्या रुख्मिणकाकू. काकू नरसीकडच्या. शेळ्या सांभाळत सांभाळत वाचतात आणि पुस्तक कधीही उशिरा परत करत नाहीत.

"माझ्या तर तीनच हायेत बाई. फोनवाल्या वाक्यापुढं न्हाई केली, फोन पोराकडं ऱ्हातो."

"अहो काकू, पण खुणा करायच्याच नव्हत्या!"

"मंग आधीच्या मानसानं काहून केल्या? मला वाटलं, हजेरी हाय."

गणेशराव हळूच म्हणाले, "मी बी केल्या. चार." कोपऱ्यातून अजून एक हात वर आला. सगळे हसले. मीही हसलो... जरा जास्तच.

काकू मात्र पानावर वाकल्या होत्या. "ह्या उलट्या खुना बगा किती हायेत. नऊ. ह्या मानसाला लई तकलीफ हाय. कोन हाय त्यो?"

गणेशरावांची नजर माझ्या शर्टावरच्या चहाच्या डागावर गेली, मग माझ्या डाव्या हातावर.

"माझ्या आहेत," मी म्हणालो.

मग नाक्याची गोष्टही सांगितली. जन्मभर डेडलाइन पाळलेल्या माणसाला त्या चार वाक्यांना किती वेळ लागला, ते विचारू नका. 'टेन्शन घेऊ नका' असं कुणी म्हटलं नाही, एवढं बरं झालं.

"वहिनींला सांगितलं का?" गणेशरावांनी विचारलं. मी नाही म्हणून मान हलवली.

"घ्या!" काकू म्हणाल्या. "आमाला सांगून राहिले, आन् घरच्या बाईला न्हाई!"

आणि नेमका तेव्हाच फोन वाजला. फुल आवाजात. स्क्रीनवर बायकोचं, मंदाचं नाव. सगळे बघत होते... काकूंनी खुर्ची फरशीवरून खरकन ओढली आणि शेजारी येऊन बसल्या.

"उचला. वाईट असंल तर आमी हाव ना इथं सारे."

उचलला. येताना गिरणीतून दळण आणा, एवढंच होतं. मी म्हणालो, "मंदा, त्या दिवशी फोन सायलेंटवर नव्हता."

ती म्हणाली, "तासभर उन्हात होते मी." आणि फोन ठेवला.

बुधवारी डॉक्टरांकडे गेलो. मंदा सोबत आली. रस्त्याने एक शब्द बोलली नाही, पण डॉक्टरांना सगळं तिनेच सांगितलं, मी विसरलो होतो तेही. उपचार सुरू झालेत. ती अजून थोडी रागावलेली आहे, आणि ते बरोबरच आहे.

पुस्तक आता औंढ्याच्या वाचकांकडे गेलंय. शोभाताईंनी खुणा खोडल्या नाहीत. उलट त्या पानात एक पेन्सिल ठेवून दिली.

रिंग अजून फुलच आहे. वाजली की आत धस्स होतंच... मग ती खुर्ची ओढल्याचा आवाज आठवतो आणि हात पुढे जातो.

काकू, तुमच्याकडे फोन नसतो, म्हणून हे इथे लिहितोय. गणेशराव, तुमची गाडी नरसीवरून जाते ना... थांब्यावर दिसल्या तर त्यांना तुमच्या फोनवर एवढं दाखवा.