साहेबाच्या सदऱ्याची किनार

आटपाट नगर होतं, त्याचं नाव भिवंडी. तिथं कामतघरातल्या चाळीत एक सोनूबाई राहायची. तिला एक लेक दिनकर, एक सून सुमन, आणि पत्र्याच्या शेडमध्ये कापड विणायचे दोन लूम. नवरा देवाघरी गेलेला. लूम त्यानं स्वतःच्या हातानं बसवलेले.

ती सोनूबाई म्हणजे मीच. आता काय सांगू तुम्हाला, या बाईनं भर सभेत काय दिवे लावले! चहा घ्या, थंड होतोय.

तेव्हा सरकारनं देशाचं दार उघडलं होतं म्हणे. नाक्यावर, नळावर, गिरणीत दळणाच्या रांगेत एकच बोलणं: परदेशी कापड येणार, भिवंडीचे लूम भंगारात जाणार. दिनकरनं तर भंगारवाल्याला सांगूनही टाकलं.

“आई, शनिवारी येतोय तो. लूम देऊन टाकू. मी रिक्षा घेतो.”

“बापानं बसवलेले लूम तू किलोवर विकणार?”

“मग काय पूजा करत बसू त्यांची? माल कोण उचलत न्हाय.”

“शुक्रवारी सभा हाय. शिकलेली माणसं बोलणार हायत. ऐकू, मग ठरवू.”

शुक्रवारी लूमला सुट्टी, म्हणून सभाही शुक्रवारीच. निवडणूक तोंडावर आलेली. आम्ही तिघं गेलो. बायकांना पुढं सतरंजीवर जागा.

पहिला उठला उमेदवार. हात वर करून गरजला, “मी असेपर्यंत परदेशी कापडाचा एक तागा भिवंडीच्या नाक्यातून आत येणार नाही!”

काय टाळ्या पडल्या! मीही वाजवल्या. खोटं कशाला सांगू? याच माणसानं मागच्या खेपेला आमच्या चाळीला नळ दिला होता. नळ अजून आहे. पाण्याचं तेव्हा बोलणं झालं नव्हतं.

मग उठला मुंबईहून आणलेला अर्थतज्ज्ञ. बारीक अंगाचा, चष्मा, दुधासारखा पांढरा सदरा. शांतपणे म्हणाला, “दार उघडलंय, ते आता कोणी लावू शकत नाही. परदेशी कापड येणारच. पण चांगलं विणणाऱ्याला भीती नाही.”

एकही टाळी नाही. उमेदवाराचंही तोंड पडलं. आपणच आणलेला पाहुणा आपलंच भाषण उसवतोय! दिनकर मागून ओरडला, “ऐकलंस ना, आई? येणारच!”

पुढचं अर्धं वाक्य त्यानं ऐकलं नाही. आणि मी? माझं लक्ष सदऱ्यावर!

भाषण संपवून साहेब खाली बायकांजवळ आला, म्हणाला, “मावशी, काही शंका?” तुम्हाला ठाऊक आहे ना, भिवंडीत माणूस भेटला की आधी त्याचं कापड चिमटीत धरतात, मग रामराम. मी बाही धरली. मऊ! गाठ नाही, गुठळी नाही. माझं डोकंच सणकलं.

उभी राहून मी ओरडले, “अहो, याचं काय ऐकता? परदेशी कापड येणार म्हणतो, हा तर अंगात घालूनच आलाय!”

सभा अशी हसली की मांडव हलला. उमेदवारानं माईक ओढला. “माऊलीनं ओळखलं बघा! अशांवर विश्वास ठेवू नका!”

मला काय चढलं म्हणून सांगू! साहेब मात्र चिडला नाही. “मावशी, ठाण्याच्या बाजारातून कापड घेऊन शिवलाय.”

“दुकानदारानं फसवलं तुम्हाला. उलटा करून दाखवा!”

बिचाऱ्यानं गुंड्यांची पट्टी उलटी केली. तिथं शिंप्यानं कापडाची किनार तशीच ठेवलेली. किनारीत दोन दोरे. एक लाल, एक हिरवा.

मी डोळे चोळून पुन्हा बघितलं.

कापडाची अदलाबदल होऊ नये म्हणून आमच्याकडं जो तो किनारीला आपल्या खुणेचा दोरा घालतो. लाल माझ्या कुंकवाचा, हिरवा चुड्याचा. ही खूण आमच्या ह्यांची, ते गेल्यावरही आम्ही तीच घालतो!

तुम्ही म्हणाल, स्वतःचं कापड ओळखलं नाहीस? अहो, आमच्या लूमवरून उतरतं ते कोरं कापड. मळकट, कांजीनं पापडासारखं कडक. धुऊन, पांढरं करून, इस्त्री होऊन ते कुठं जातं, आम्ही कधी बघितलंय? लेक सासरी गेली तर सणाला तरी येते. कापड गेलं ते गेलं.

मी गपकन खाली बसणार, तेवढ्यात दिनकर वाकून बघतो आणि बोंब ठोकतो, “आई, अगं हे आपलं हाय!”

आता मांडव पडायचाच बाकी होता. उमेदवारानं श्वाससुद्धा घेतला नाही. “मी तेच सांगत होतो! माझ्या भिवंडीचं कापड!”

साहेब डोळे पुसत हसत होता. “मावशी, मग लूम विकताय का?”

मी पदर तोंडाला लावला. सुमननं माझ्या वतीनं सांगून टाकलं, “न्हाय विकत!”

शनिवारी भंगारवाला आला, चहा पिऊन रिकाम्या हातानं गेला. त्याच्या मागोमाग सभेतला एक व्यापारी दारात. “मौसी, वही कपडा चाहिए, जिसको आप फॉरेन बोलीं.”

वर्षाच्या आत दोनाचे चार लूम झाले. दिनकरनं रिक्षाचं नाव काढलं नाही. तेव्हापासून पुढारी बोलला की मी नळाकडं बघते, आणि तज्ज्ञ बोलला की वाक्य संपेपर्यंत थांबते.

आणि मी बोलायला तोंड उघडलं की सुमन म्हणते, “आई, आधी किनार बघा!”