अज्ञात लिपी आणि नतमस्तक भाविक

हसायचं नाही असं आधी कबूल करा, मगच सांगते. कारण गाढवपणा माझा आहे, आणि तोही गपचूप घरात केलेला नव्हे. भरल्या हॉलमध्ये, खांद्यावर शाल, समोर माइक, असा अगदी साग्रसंगीत!

मी सोलापुरातल्या एका जुन्या वाचनालयात ग्रंथपाल आहे. आमचे अध्यक्ष वकीलसाहेब. पंच्याहत्तरी ओलांडली तरी आवाज अजून कोर्टातला. एक दिवस त्यांनी फर्मान काढलं, "बाई, आपल्याकडचं जे जे जुनं आहे ते सगळं ऑनलाइन टाकायचं. माणसाला घरबसल्या, फुकटात बघता आलं पाहिजे." झालं! मला पुण्याला कार्यशाळेला धाडलं, स्कॅनर आणला, वेबसाइट तयार झाली. आणि मी स्वतःला तज्ज्ञ समजायला लागले. सगळं तिथंच बिघडलं.

तेवढ्यात सलीमभाई आले. त्यांचं मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे. पण त्यांच्या आजोबांचा एके काळी फोटो स्टुडिओ होता. त्या काळात फोटो काचेवर निघायचे. काचेच्या निगेटिव्ह! तसल्या काचांनी भरलेली एक ट्रंकच त्यांनी माझ्यासमोर ठेवली.

"मॅडम, एक जण विकत मागत होता. पण अम्मी नक्को बोली. दादाजान का काम सब लोगों ने देखना, बोली." ट्रंकेवर हात ठेवूनच ते बोलत होते. तो हात काही उचलेना. "नाव खराब व्हायला नको बघा."

"सलीमभाई, निर्धास्त राहा," मी म्हटलं. काय तो माझा आत्मविश्वास!

आता काच स्कॅनरवर ठेवायची कशी? एका बाजूला मसाला लावलेला, त्यात चित्र. दुसरी बाजू नुसती चकचकीत. मी विचार केला, झेरॉक्स काढताना लिहिलेली बाजू खाली ठेवतो ना? मग चित्राची बाजू खाली. एवढं काय त्यात? कार्यशाळेत याबद्दल काहीतरी सांगितलं होतं, पण नेमका तेव्हा जेवणाचा निरोप आला होता.

फोटो मात्र काय निघाले म्हणता! पैलवान, नवरा-नवरी, हातमागावरच्या विणकरांची कुटुंबं, मांडीवर बाळं. एकेक वेबसाइटवर चढत होतं, लोक खूश होत होते. आणि मग ती काच आली.

एक लांबलचक भिंत. भिंतीवर रंगानं लिहिलेल्या दोन ओळी, जुन्या, उडालेल्या. आणि त्या अक्षरांसमोर धोतर-टोपीतला एक माणूस. पाठ आपल्याकडे, मान खाली, अगदी तल्लीन.

अक्षरं काही केल्या लागेनात. वर रेघ दिसायची, पण खाली भलतंच काहीतरी. वाचनालयात येणाऱ्या तेलुगू मास्तरांना दाखवलं. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला. "इदि तेलुगु कादंडी. कानडी असेल." अक्कलकोटचे एक वाचक येतात, त्यांच्यापुढे धरलं. "इदु कन्नड अल्ल री! मोडी असंल की." मोडी जाणणाऱ्यांना पाठवलं, ते म्हणाले मोडी नाही. सलीमभाई तर म्हणाले, "उर्दू बिल्कुल नै, मॅडम. मी उजवीकडनं पण वाचून बघितलं."

सोलापूर आहे हो हे! इथं आपल्याला वाचता आलं नाही की माणूस समजतो, शेजाऱ्याची भाषा असणार.

मी काय करावं? वेबसाइटवर टाकलं, "अज्ञात लिपीतील लेखापुढे नतमस्तक भाविक. कोणास वाचता आल्यास कळवावे."

आणि पेटलं की! फोन काय, मेसेज काय. एकानं कळवलं, ही आमच्या कुळाची गुप्त लिपी. एक प्राध्यापक बाहेरगावाहून खास आले, भिंगातून तास-दोन तास बघत बसले आणि म्हणाले, "बाई, तुम्हाला कल्पना नाही तुमच्या हाती काय लागलंय." वकीलसाहेबांची छाती फुगली. संग्रहाचं जाहीर उद्घाटन ठरलं. पत्रिकेवर ठळक अक्षरात, "सोलापूरची अज्ञात लिपी". मुख्य आकर्षण, प्राध्यापकांचं व्याख्यान. मी त्या फोटोची मोठी फ्रेम करून घेतली.

उद्घाटनाच्या संध्याकाळी जुळे सोलापुरातून रिक्षा केली. नवी साडी, मांडीवर ती फ्रेम, तोंड पुढं करून धरलेली. सात रस्त्याच्या सिग्नलला रिक्षावाला म्हणाला, "म्याडम, फोटो वाईच खाली घ्या की. आरशात तुमचा फोटोच दिसतोय, मागचं काय दिसंना."

मी सहज त्याच्या आरशात बघितलं. माझाच फोटो दिसत होता. आणि त्यातलं मला वाचता येत होतं!

मी मोठ्यांदा वाचलं, "येथे लघवी करू नये!"

रिक्षावाला गर्रकन वळला. "म्याडम! मी कुटं करतोय?"

माझी नजर आरशातल्या दुसऱ्या ओळीवर, "हुकमावरून". आणि मग हळूहळू सरकत गेली त्या भिंतीसमोरच्या माणसाकडे. पाठ आपल्याकडे. मान खाली. तल्लीन.

अगं आई गं! भाविक!

सगळ्या काचा मी उलट्या ठेवल्या होत्या. सगळं सोलापूर डावीकडचं उजवीकडे करून जगापुढं मांडलं होतं. आणि आता अर्ध्या तासात त्या माणसाच्या फोटोवरची मखमल दूर होणार होती, टाळ्यांच्या गजरात. वाटलं, रिक्षा तशीच टेंभुर्णीला न्यायला सांगावी आणि तिथून मिळेल ती एसटी पकडावी.

हॉलवर पोचले तर बसायला जागा नाही. पुढच्या रांगेत सलीमभाईंची अम्मी, चाकाच्या खुर्चीत. किती वर्षांनी घराबाहेर पडल्या होत्या, ते सलीमभाईच मला अभिमानानं सांगत होते. मी त्यांच्याकडे बघूसुद्धा शकले नाही. तडक वकीलसाहेबांना गाठलं.

"साहेब, कार्यक्रम थांबवा. मी ते वाचलंय."

"काय सांगता! काय लिहिलंय?"

आता वडीलधाऱ्या माणसापुढे तो शब्द उच्चारायचा कसा, तुम्हीच सांगा! मी म्हटलं, "साहेब, ते... ते सांगण्यासारखं नाही."

वकीलसाहेबांचे डोळे चमकले. "इतकं महत्त्वाचं? मग इथं कुजबुजू नका. स्टेजवर सांगा!"

"साहेब, ऐका तरी—"

पण ते माइकपाशी पोचले होते. "बंधू-भगिनींनो! आमच्या बाईंनी, आत्ता, काही क्षणांपूर्वी, ती लिपी वाचली आहे!"

टाळ्यांचा कडकडाट. कुणीतरी माझ्या खांद्यावर शाल घातली. वार्ताहर पुढं सरकले. मला घाम फुटला आणि शालीनं तो जास्तच फुटला.

प्राध्यापकांचा चेहरा मात्र उतरला. माणूस तयारी करून आलेला. "आधी माझं विवेचन होऊ द्या," म्हणाले. फ्रेमवरची मखमल त्यांनीच दूर केली, मागं पडद्यावर तोच फोटो हा एवढा मोठा! आणि सुरुवात झाली. अक्षरांचं वळण, रेघेचा झोक. "मजकूर मला लागलेला नाही, पण ही राजाज्ञा असावी असा माझा कयास आहे. आणि या भक्ताची मुद्रा बघा. जगाचं भान हरपलंय. आतून काहीतरी मोकळं होत असल्याचा भाव आहे."

मी पदर तोंडात कोंबला. हसू नव्हतं हो ते, रडू होतं! समोर अम्मी हात जोडून त्या "भक्ता"कडे बघत होत्या. सलीमभाई मोबाइलवर सगळं रेकॉर्ड करत होते. खोटं बोलून वेळ मारून न्यावी का? "ही लिपी फार प्राचीन, मजकूर नंतर जाहीर करू" म्हणावं का? कुणाला कळणार होतं? पण फोटो वेबसाइटवर होता. आज ना उद्या कुणीतरी आरसा धरणारच. आणि तेव्हा लोक सलीमभाईंच्या आजोबांना हसणार.

माझं नाव पुकारलं. माइकपाशी गेलेच नाही, सरळ लॅपटॉपपाशी गेले. "मंडळी," म्हटलं, "लिपी अज्ञात नाही. अज्ञान माझं आहे. मी काचा उलट्या ठेवल्या." आणि बटण दाबून फोटो सुलटा केला.

अख्ख्या हॉलनं, शाळेत पाढे म्हणतात तसं, एका सुरात वाचलं, "येथे... लघवी... करू... नये!"

आणि सगळ्यांच्या माना एकदम त्या भाविकाकडे वळल्या.

मला वाटलं, आता खुर्च्या येतील अंगावर. पण पहिला आवाज आला तो पुढच्या रांगेतून. अम्मी! चाकाच्या खुर्चीत मागं रेलून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होत्या.

"अगे बाई गे! ये तो अपने स्टुडिओ की बाजू की दिवार है!" सलीमभाईंनी घाईघाईनं माइक त्यांच्यापुढं धरला. "अब्बाजी, मेरे ससुर, रोज झगडते थे लोगां से. दिवार पे लिखवाए, तो बी कोई सुनता नै था. आखिर में बोले, अब जो करेगा उसका फोटो निकालता मैं. निकाले बी! स्टुडिओ की कांच में लगाए सामने. ये आदमी फिर उस गली से गया च नै!"

मग जो काही हॉल हसला! सलीमभाई तर माझा हात धरून हसत होते. "मॅडम, दादाजान का असली काम तो आज दिखा!" वकीलसाहेब माझ्याच शालीच्या टोकानं डोळे पुसत होते. एकटे प्राध्यापक गंभीर. माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "तरीपण बाई, आज्ञा होती, हे मी बरोबर ओळखलं होतं."

पुढचे काही दिवस मी एकेक फोटो सुलटा करत बसले. ते बघायला लोक वेबसाइटवर तुटून पडले. नातेवाईक शोधायला लागले, नावं कळवायला लागले. सगळ्यात जास्त बघितलेला फोटो कुठला, ते मी सांगायला नको. आणि गंमत म्हणजे माणसं आपणहून जुने संग्रह घेऊन यायला लागली.

परवाच करमाळ्याहून एक गृहस्थ आले. पिशवीत फडक्यात गुंडाळलेल्या काचा, त्यांच्या चुलत्यांनी काढलेल्या.

"पेपरात तुमचं वाचलं, म्याडम," म्हणाले. "लई विश्वास बसला. चूक झाली तर चारचौघात कबूल करणारी माणसं हायत हितं. म्हटलं, काचा द्यायच्या तर ह्यांनाच."

काय सांगू, मला भरून आलं. एवढ्या सगळ्या फजितीनंतर हे ऐकायला मिळावं! मी अलगद दोन्ही हात पुढं केले.

त्यांनी पिशवी छातीशी ओढून घेतली.

"न्हाय, म्हंजे... वाचनालयाला देतोय," ते म्हणाले. "तुमी तेवढ्या हात लावू नका."