बेडकाचा पाय आणि दादाची करंगळी

अमरावतीच्या कॉलेजात बी.एस्सी. करत असताना मला एकच नाद होता: बेडकाच्या मांडीतला मज्जातंतू. काही बेडकांना ईथर देऊन मी तो चिमट्यानं नुसता चेपत असे. काहींचा मधला तुकडाच कापून काढत असे. मग दोन टाक्यांत त्यांना वेगवेगळं ठेवायचं आणि लुळा पाय पुन्हा हलतो का, ते रोज पाहायचं. दोनेक महिन्यांत चेपलेल्यांची बोटं फाकू लागली. कापलेले पाय ओढतच राहिले. प्राध्यापक म्हणाले, योगायोग असेल. मी म्हणालो, नियम आहे. माझा स्वभाव आजही फारसा बदललेला नाही.

त्याच हिवाळ्यात बडनेऱ्याजवळच्या आमच्या मळ्यात माझा थोरला भाऊ संत्र्याच्या रोपांवर डोळे भरत होता, म्हणजे सालीत चीर देऊन चांगल्या झाडाची कळी बसवत होता. चाकू घसरून डाव्या मनगटाला लागला. दादानं काय करावं? कलम बांधायला कमरेला खोचलेलं केळीचं सोपट, म्हणजे खोडाच्या सालीची वाळकी पट्टी, काढलं आणि मनगट कलमासारखंच करकचून आवळलं. दोन ओळी पुऱ्या करून संध्याकाळी ते सोडलं, तेव्हा रक्त थांबलं होतं, पण करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर झालं होतं. डाव्या हातात रोप पक्कं धरता येईना. कलमांवाचून दुसरं काही करायची दादाला कधी इच्छाच नव्हती.

अकोल्याच्या मोठ्या डॉक्टरांनी पाहिलं. आतला तंतू तुटला की चेपला, हे सांगता येत नाही म्हणाले. मला सांगता येत होतं. चाकूची जखम वरवरची होती, सोपटाचा वळ खोल होता.

"चेपला, दादा. बोटं येतीन," मी छाती ठोकून सांगितलं.

"बेडकावरून सांगून राहिला काय मले?"

"हो."

दर रविवारी मी पेन्सिलीनं त्याच्या मनगटापासून खाली टिचक्या मारी. जिथवर झिणझिण्या येत, तिथवर तंतू पुन्हा वाढत आला असं धरून शाईची खूण करी. चार रविवार खूण हलली नाही. त्या सोमवारी कॉलेजात कापलेल्या बेडकांच्या टाकीकडे बघायचा मला धीर झाला नाही. पाचव्या रविवारी खूण तळव्यात उतरली, आणि माझा आवाज पुन्हा चढला.

चैत्रात दादा मळ्यात तण काढत होता. एकाएकी ओरडला. साप चावला वाटून मी धावत गेलो.

"मुंगी, लेका! मुंगी चावली!"

डाव्या करंगळीला लाल मुंगी लटकली होती. मी ती झटकायला हात पुढे केला, तर दादानं आपला हात मागे घेतला.

"राहू दे तिले," तो म्हणाला. "दुखून राहिलं."