कोवळी ज्वारी

गिरजाबाई गावची गुरं चारायची. नवरा गेल्यावर त्याची काठी तिच्याकडे आली, पण ती काठी तिनं जनावराच्या अंगावर कधी टाकली नाही. तोंडानंच हाकायची. भद्रावतीच्या बाजाराला आली की माझ्या फोटो स्टुडिओच्या ओट्यावर टेकायची आणि काचेतल्या नवरानवरींना नावं ठेवायची. मेले कुणीच हसत नाहीत म्हणायची. आमचं छान जमायचं.

पंच्याऐंशीच्या आसपास एका श्रावणात पावसानं दडी मारली. ज्वारी गुडघ्याएवढी होऊन आखडली. त्याच दिवसांत एकदा गुरांचे डॉक्टर फटफटी चालू ठेवूनच माझ्या दारात आले आणि हायपो आहे का विचारू लागले. फोटो पक्का करायला आम्ही वापरतो ते खडीसाखरेसारखं दिसणारं रसायन. त्यांच्याकडचं औषध संपलं होतं, आणि गिरजाबाईच्या गावात गुरं पटापट पडत होती. मी हायपोचा डबा घेतला, कॅमेरा गळ्यात अडकवला आणि मागं बसलो.

गावात शिरलो तर गिरजाबाई बैलबंडीच्या चाकाला बांधलेली. डोकं फुटलेलं, लुगडं रक्तानं अंगाला चिकटलेलं, डावा हात कोपराखाली भलत्याच बाजूला वळलेला. दादाजी नावाचा गावातला मोठा शेतकरी तिला तुतारीनं मारत होता. बैलाला टोचायची, टोकाला खिळा असलेली ती काठी. बाकी गाव उभं राहून बघत होतं. तिच्या माणसांनी छप्पन साली बौद्ध झाल्यावर मेलेली ढोरं ओढणं सोडलं, तरी कातड्यासाठी हिनंच विष घातलं असं गावानं ठरवून टाकलं होतं. पुरावा काय, तर सगळ्यांची गुरं पडली आणि हिची गाय चांदी तेवढी उभी. पाय लचकल्यामुळं ती गाय त्या दिवशी घरीच बांधलेली होती, पण हे ऐकायला कान कुणाला होते?

मी दोरी सोडायला गेलो तर कानशिलात बसली. डॉक्टर हळूच म्हणाले, आधी जनावरं बघू, ती उठली की बाईही सुटेल. मला ते पटलं. माणसं इतकी मूर्ख नसतात असं मी तेव्हा समजत होतो.

दादाजीचा बैल मान टाकत होता, पाय झाडत होता. डॉक्टरांनी त्याच्या कानाला चीर दिली. रक्त लालभडक निघालं. ते म्हणाले, ही कोवळ्या ज्वारीची बाधा आहे, येताना दादाजीच्या शेताचं कुंपण मोडलेलं दिसलं, गुरं तिथंच शिरली असणार. मग त्यांनी सगळ्यांना समजेल असं सांगितलं. शरीरातली प्रत्येक पेशी ही एक बारीकशी चूल. रक्त तिला श्वासातला प्राणवायू आणून देतं, अन्नातली साखर तिथं जाळाविना हळूहळू जळते, आणि त्यातून निघणाऱ्या शक्तीवर जनावर उभं राहतं. पाण्यावाचून आखडलेल्या कोवळ्या ज्वारीतलं विष ही चूलच बंद पाडतं. छाती हवेनं भरते, रक्तात प्राणवायू असतो, पण पेशी तो वापरू शकत नाहीत. न वापरलेला तसाच परत जातो, म्हणून रक्त असं लाल.

हायपो पाण्यात विरघळवून आम्ही बांबूच्या नळीनं जिवंत जनावरांच्या घशात ओतला. डब्यातला शेवटचा दादाजीच्या बैलाला गेला. काही वेळानं बैल धडपडत उठला. मी गिरजाबाईकडे बघून हसलोसुद्धा.

दादाजी बैलाच्या पाठीवरून हात फिरवत वळला. "अवशद तुमच्याजवळ तयारच होतं," तो म्हणाला. "म्हंजे जहर बी तुमचंच."

लोकांनी माझा कॅमेरा हिसकून दगडावर आपटला. डॉक्टरांची कॉलर धरली. मला खाली पाडून कुणीतरी बरगडीत लाथ घातली. ज्वारी खाऊन ढोर मरते काय, म्हणत ते पुन्हा गिरजाबाईकडे वळले. कुणीतरी कुऱ्हाड आणली होती. गिरजाबाई आता वाचत नाही, हे मला धुळीतूनही दिसलं.

तेव्हा ती पहिल्यांदा बोलली.

"सोडा मले. माही चांदी आणतो. तिले चारा थेच ज्वारी."

डॉक्टर ओरडले की औषध संपलंय, गाय हकनाक मरेल. तिनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. कुणीतरी तिची दोरी सोडली. मोडका हात पोटाशी धरून, दुसऱ्या हातानं दावं धरून ती लंगडत्या गाईला घेऊन आली. दादाजीच्या शेतातली ज्वारी तिनं स्वतः उपटली. चांदी उपाशीच होती, आणि हात ओळखीचा. मान डोलावत खात राहिली.

वैरण संपली तशी गाय धापा टाकू लागली. मग थरथरली, कोसळली, डोळे फिरवून तंगड्या झाडू लागली. गिरजाबाईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. गाय भरभरून श्वास घेत होती आणि घुसमटत होती. ते बघवत नव्हतं, पण दादाजीला मी बघायला लावलं. त्याची मान धरून बघायला लावलं. आता मला कुणी अडवलं नाही. गाय शांत झाल्यावर डॉक्टरांनी तिचा कान चिरला. रक्त तसंच लाल.

महिन्याभरानं दादाजी दुभती गाय आणि वासरू घेऊन तिच्या दारात उभा राहिला. तिचा हात तपासायला आलेल्या डॉक्टरांबरोबर मीही तिथं होतो. ती उंबऱ्यात बसली होती. हात वाकडाच जुळला होता.

"दादाजीभाऊ, तुमचा बैल उभा झाला, तवाच मले सोडाले पायजे होतं," ती म्हणाली. "माह्या गाईचं मरण काऊन पाह्यलं?"

ती उठली, कोपऱ्यातली नवऱ्याची काठी घेतली आणि दादाजीच्या हातात दिली. दुसऱ्या दिवसापासून गावातली गुरं ज्याची त्यानं चारली.