सुधाताईंची काटेरी गोधडी

सुधाताई गेल्याचं त्यांच्या मुलीनं, मीनलनं फोनवर सांगितलं तेव्हा मी मंडईत मटार निवडत होते. भाजीवाला पिशवी पुढे करून उभा आणि मी नुसतीच त्याच्याकडे बघत... घरी कशी आले ते आठवत नाही. मटार मात्र आणले होते. ते तसेच वाळून गेले.

बिबवेवाडीतल्या आमच्या सोसायटीत राहायला येण्याआधी त्यांची वीस वर्षं बिकानेरला गेली होती. यजमान रेल्वेत. तिकडून लोक साड्या आणतात, भुजिया आणतात. बाई वाळवंट घेऊन आल्या. जुन्या सुती साड्यांच्या गोधड्या हातानं शिवायच्या आणि त्यांवर खेजडी (आपली शमी), रुई, फड्या निवडुंग असलं काहीबाही कापडाचे तुकडे लावून, दोऱ्यानं भरून काढायचं. "अहो, अंगावर घ्यायच्या गोधडीवर काटे कोण काढतं?" मी पहिल्याच भेटीत विचारलं. "दोन वर्षं पाऊस पडला नाही तरी खेजडी हिरवी असते. तुमचा गुलाब एक दिवस पाणी विसरलं की रुसतो," त्या म्हणाल्या, आणि सुईत दोरा ओवू लागल्या.

मी बँकेतून नुकतीच निवृत्त झाले होते. त्यांच्याकडे शिकायला जाऊ लागले. शिकवणं कसलं, उसवायला लावणंच ते! "काटा आहे तो, शेवई नाही. उसवा." मी डावखुरी, त्यामुळे त्यांचं बघून करायला गेले की सगळं उलटं व्हायचं. राग यायचा, एकदा तर घरी येऊन रडले. पण इतक्या मनापासून मला आयुष्यात दुसऱ्या कोणी काही शिकवलेलं नाही.

मग त्यांची नजर अधू होत गेली. नातीसाठी शेवटची गोधडी शिवायला घेतली होती, नऊ चौकोन, नऊ झाडं. टाके भरकटायला लागले. ज्या बाईनं मला एका वाकड्या टाक्यासाठी अख्खी ओळ उसवायला लावली, तिचं हे काम मला बघवेना. "इस्त्री करून आणते" म्हणून मी चौकोन घरी न्यायची, त्यांचे टाके उसवायची, माझे सरळ टाके घालून परत द्यायची. उसवलेला दोरा केरात. मला वाटायचं, मी माया करते आहे. असे एकेक करून आठ चौकोन झाले.

नववा, खेजडीचा, मागितला तेव्हा त्यांनी दिला नाही. आठवा मांडीवर घेऊन त्याच्या देठावरून बोट फिरवत राहिल्या. "डाव्या हाताच्या टाक्याचा पीळ उलटा पडतो," त्या म्हणाल्या. "डोळे गेलेत माझे, बोटं नाहीत." मी चौकोनासाठी पुढे केलेला हात मागे घेतला. "चांगलं शिकलात तुम्ही... पण हा इस्त्रीला नेऊ नका."

रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मी माफीसुद्धा मागितली नाही. उद्या बोलू म्हटलं, आणि मग रोजच उद्या म्हणत राहिले.

दिवसकार्य झाल्यावर मीनल धायरीहून सगळे चौकोन घेऊन आली. मी ते जोडून, अस्तर लावून गोधडी पुरी केली. न्यायला आली तेव्हा तिनं ती पलंगावर पसरली, एकेका झाडावरून हात फिरवला. डोळे भरून आले तिचे. "शेवटपर्यंत आईचा हात किती सरळ होता हो, काकू." मग खेजडीपाशी थांबली. खोड तिरकं गेलेलं, काटे फांदी सोडून भलतीकडेच. "हा तुम्ही केलात ना? असू दे, चालतंय," ती समजुतीनं म्हणाली. मी हो म्हणून मान हलवली.

तोंडावर सांगायचा धीर झाला नाही, म्हणून इथे लिहिते आहे. मीनल, त्या आठ झाडांवरचे सरळ टाके माझे आहेत. तुझ्या आईचे मी उसवून फेकून दिले. वाकडा आहे तेवढाच तिचा उरला आहे. लेकीला पांघरूण घालशील तेव्हा ती बाजू तिच्या गळ्याशी येऊ दे.